मेथीच्या पल्ल्यावर कलकत्ता

कामरगावच्या पुंजाजी माळ्याला मैल कळत नसत, आणि कळत नाहीत याची त्याला लाजही नव्हती. कारंजाच्या रस्त्याला सरकारनं चुना फासलेले मैलाचे दगड रोवले होते. त्यांचा उपयोग पुंजाजीच्या मते एकच, बैल दमले तर गाडीवानानं टेकावं. अंतर मोजायची मापं त्याची स्वतःची होती आणि ती सगळी त्याच्या दीड एकराच्या मळ्यात उगवत.

सगळ्यांत धाकटं माप सांबाराचं. सांबार म्हणजे कोथिंबीर. पण पुंजाजीसमोर कोणी कोथिंबीर म्हटलं, तर तो त्या माणसाला आधी पाणी विचारी आणि मग गाव, कारण एवढं शुद्ध बोलणारा माणूस फार लांबून आलेला असणार. पहाटे उपटलेला सांबार सूर्य डोक्यावर यायच्या आत मान टाकतो, म्हणून सांबाराचा पल्ला म्हणजे शेजारची चार खेडी. त्याच्यावर मेथीचा पल्ला. ओल्या पोत्याखाली झाकलेली मेथी दिवसभर दम धरते. तेवढ्या दमात कारंजा येतं, आणि बैलांनी मनावर घेतलं तर मूर्तिजापूरही. त्यापुढं वांग्याचा पल्ला, दोन दिवसांचा. मग कांद्याचा, त्यात मुंबई बसे. आणि सगळ्यांच्या पलीकडे कोहळ्याचा. कोहळं सहा महिने जागचं हलत नाही आणि तक्रारही करत नाही. लढाईच्या काळात चावडीवर कोणी लंडनवर पडलेल्या बॉम्बची बातमी वाचली, की पुंजाजी शांतपणे सांगे, "कोहळ्याच्या पल्ल्यावरचं गाव हाये ते." ऐकणाऱ्यांच्या जिवात जीव येई.

एकदा घोड्यावरून चाललेल्या एका साहेबानं त्याला मेडशी किती लांब म्हणून विचारलं. पुंजाजीनं साहेबाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वांगे असतीन तं जा सायेब. मेथी असन तं नका जाऊ." साहेबाजवळ बंदूक होती आणि जेवणाचा डबा होता. तो बराच वेळ घोडा थांबवून विचार करत राहिला.

लोक हसत. पण या मापानं पुंजाजीला कधी दगा दिला नव्हता, आणि त्याच्या घरातला एक मोठा कायदाच त्या मापावर उभा होता. तो कायदा लेकीच्या टोपलीचा.

पुंजाजीच्या घराण्यात लेक सासरी गेली की तिच्या मागं दर पंधरा दिवसांनी माहेरची टोपली जाई. टोपलीत मळ्यात असेल ते सगळं, पण वरच्या थराला मेथी पाहिजेच. आणि ती मेथी सासरच्या अंगणात टोपलीचं फडकं काढताच टवटवीत दिसली पाहिजे. माळ्याच्या लेकीला दागिने कमी असले तरी चालतात. भाजी सुकलेली आली तर मात्र सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलतात. पुंजाजीची बहीण रंगूबाई हिला अकोल्याला दिलं होतं. पहिलीच टोपली तिथं पोचली ती मान टाकून. रंगूबाईच्या सासूनं ती आळीतल्या बायकांसमोर बकरीपुढं ओतली आणि म्हणाली, सुनेच्या माहेरचं आमच्या बकरीला फार आवडलं. रंगूबाई पुढं तीस वर्षं संसार करून सुखानं म्हातारी झाली, पण ते वाक्य तिच्याबरोबर म्हातारं झालं नाही.

ती टोपली भरली होती पुंजाजीच्या बायकोनं, तुळसाबाईनं. नवी सून होती ती तेव्हा. टोपली तिच्या हातची, म्हणून बकरीही आपल्याच माथी, असा तिचा हिशेब होता. त्या दिवसापासून तिनं ठरवलं, की आपल्या पोटची पोर मेथीच्या पल्ल्याबाहेर द्यायची नाही. थोरली मनकर्णा कारंजाला गेली, दुसरी गोमती त्याच्याही अलीकडे. दोघींच्या अंगणात मेथी ताठ मानेनं उतरत होती. राहिली होती धाकटी प्रयागा.

प्रयागा अठराची झाली आणि सांगून येणारी मुलं एकाएकी चहूकडं पांगली. एक यवतमाळचा, तो वांग्यात गेला. एक जळगावचा, तो कांद्यात गेला. मेथीच्या पल्ल्यात जी दोन मुलं उरली, त्यांतलं एक आधीच दोनदा बिजवर होतं आणि दुसऱ्याला दारूचा इतका लळा होता की त्याच्या गावची वाट विचारली तर लोक भट्टीची वाट दाखवत. पुंजाजी मळ्यात दांडाला पाणी सोडताना हल्ली स्वतःशी बोलू लागला होता, आणि पाणी वाफा सोडून भलतीकडे चाललं तरी त्याच्या लक्षात येत नसे.

अशा वेळी सन अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात तुळसाबाईचा धाकटा भाऊ रंगराव कलकत्त्याचं स्थळ घेऊन आला.

रंगराव मूर्तिजापूरला कापसाच्या दलालाकडे कामाला होता आणि जगाचं आपल्यावाचून अडतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तो वर्तमानपत्र वाची, खिशाला पेन लावी आणि पेनात शाई नसली तरी ते काढून हवेत आकडे मांडी. मुलगा आपल्याच समाजातला, वऱ्हाडातलाच, नाव गुलाबराव. हावड्याजवळ रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आईबाप नाहीत, व्यसन नाही. गेल्या दिवाळीत तो रंगरावाच्या शेजारी येऊन गेला तेव्हा प्रयागाही मामाकडे गेलेली होती, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही होतं, हे रंगरावानं अगदी शेवटी आणि खालच्या आवाजात सांगितलं.

तुळसाबाईनं भावाला चहा दिला आणि विचारलं, कलकत्ता कशाच्या पल्ल्यावर आहे. रंगराव याच प्रश्नाची वाट पाहत बसला होता. तो उठून अंगणात गेला आणि वर बोट दाखवून उभा राहिला.

आता वरचं सांगायला हवं. त्या वर्षी कामरगावच्या डोक्यावरून रोज सकाळी एक विमान जात असे. मुंबईहून निघायचं, नागपूरला उतरायचं आणि पुढं कलकत्ता. पहिले आठ दिवस सगळं गाव अंगणात यायचं. मग पोरंच यायची, आणि महिन्याभरात बकऱ्यासुद्धा वर बघेनाशा झाल्या. पुंजाजीनं मात्र त्याचा उपयोग शोधून काढला होता. विमान आलं की मोट सोडायची आणि न्याहारीला बसायचं. विमानाला उशीर झाला तर तो उपाशीपोटी त्या कंपनीच्या कारभाराबद्दल चिंता व्यक्त करी. गावात त्याला कोणी विमान म्हणत नसत, इमान म्हणत.

रंगरावानं बोट खाली न आणता पेन काढलं. मुंबईपासून कलकत्ता आकाशातून हजार मैलांच्या वर. इमानाला नागपूरचा विसावा धरून सात तास. त्यातले दोन तास मुंबईहून इथपर्यंतच संपलेले.

"मंग राह्यले किती?" रंगराव म्हणाला. "पाच. नऊ वाजता तुमच्या डोक्यावर, दोन वाजता कलकत्त्याले. भाऊजी, तुमची गाडी कारंजाले कितीक वेळात पोचते?"

पुंजाजीनं मनाशी मोजलं. त्याची गाडी कारंजाला पोचायला पाच तास तर लागतच. बैलांच्या मनात काही असलं तर सहा.

"म्हंजे मेथी," तो हळूच म्हणाला. आणि बायकोकडे पाहून पुन्हा म्हणाला, "अवं, कलकत्ता मेथीच्या पल्ल्यात बसते."

एवढं अवघड गाव आपल्या मापात बसलं याचा त्याला इतका आनंद झाला, की इमानात टोपली कशी चढवायची हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. तो तुळसाबाईच्या मनात आला. तिनं विचारलं, हे इमान कामरगावला थांबतं का? रंगराव म्हणाला की माणसाचं नागपूरला थांबतं, पण टपालाचं काय, टपाल कुठूनही जातं. हवाई टपाल म्हणतात त्याला. तुळसाबाई ऐकून घेऊन आत गेली आणि आतूनच तिनं निकाल दिला.

"बोलन्यावर पोरगी देत नाही मी. मेथी पाठवा. कशी पोचते ते पाहू. हिरवी पोचली तं देतो, सुकली तं नाही. मंग रंग्या, पुन्हा त्या गावाचं नाव काढू नोको."

हे बोलणं चुलीशी बसलेल्या प्रयागानं ऐकलं. त्या दिवशी घरात सगळ्यांनी करपलेल्या भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पुंजाजीनं पहाटेच्या दंवात मेथीची एक जुडी उपटली. जुडी कसली, मुलाच्या बारशाला शोभेल असा गुच्छच. ओल्या फडक्यात बांधून तो पोस्टात गेला. पोस्ट म्हणजे शाळेच्या ओसरीचा एक कोपरा, आणि पोस्टमास्तर म्हणजे शाळेचे उदयसिंग मास्तर. दहापर्यंत ते टपालाचे असत आणि दहानंतर मुलांचे. पुंजाजीनं जुडी टेबलावर ठेवली आणि ही हवाईनं कलकत्त्याला पाठवायची आहे असं सांगितलं.

उदयसिंग मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जुडी तिथंच होती. त्यांनी तिचं वजन केलं आणि हवाई टपालाला किती तिकिटं लागतील ते सांगितलं. एवढी तिकिटं लावायला जुडीवर जागाच नव्हती. मग घासाघीस सुरू झाली. पुंजाजी बाजारात बसणारा माणूस, पण इथं त्याला उलटा बाजार करावा लागला. गिऱ्हाईक म्हणून तो माल कमी करत गेला. अर्धी जुडी. मूठभर. चार काड्या. शेवटी एक काडी, तिला पाच पानं. ओलं फडकं मास्तरांनी साफ नाकारलं, पत्ता विरघळून जाईल म्हणाले. केळीच्या पानाच्या तुकड्यात काडी गुंडाळून पाकिटात घातली आणि मास्तरांनी सोबत चार ओळी लिहिल्या, की सोबतची मेथी कशी पोचली ते खरं खरं कळवावं, त्यावर पुढचं बोलणं अवलंबून आहे. टपालाच्या नियमांचं पुस्तक त्यांच्या हाताशीच होतं, पण भाजी पाठवायचा नियम त्यांनी उघडून पाहिला नाही. तो सापडला असता तर पाळावा लागला असता.

त्या दिवशीची थैली मात्र सकाळीच निघून गेलेली होती.

शुक्रवारी नवाच्या सुमारास पुंजाजी मळ्याच्या बांधावर उभा होता. इमान आलं. उन्हात चमकत, घूं घूं करत ते पूर्वेला निघालं तसा त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. एवढ्या मोठ्या चांदीसारख्या यंत्रात आपली पाच पानं बसलेली आहेत, पुढं सीट आहे की मागं कोण जाणे, पण बसलेली आहेत, या विचारानं त्याचा ऊर भरून आला. त्यानं तुळसाबाईला हाक मारली, आणि आपली मेथी चालली म्हणून सांगितलं. तुळसाबाईनंही कपाळावर हात धरून वर पाहिलं. दोघं इमान दिसेनासं होईपर्यंत उभे राहिले. दोन वाजता पुंजाजीनं मोट थांबवून सांगितलं की पोचली.

त्या घटकेला मेथी कारंजाच्या वाटेवर टपालवाल्याच्या खांद्यावर होती. टपालवाला एका झाडाखाली बसून चिलीम ओढत होता. मेथीची आणि इमानाची गाठ पडायला अजून बरंच काही व्हायचं होतं. पाकीट शुक्रवारी कारंजाला झोपलं, शनिवारी मूर्तिजापूरला गेलं, रविवारी नागपूरला पोचून सुट्टी पाळली आणि सोमवारी कुठं आकाशात चढलं. मग मात्र खरोखरच चार तासांच्या आत त्यानं कलकत्ता गाठलं. रंगरावाचा हिशेब तेवढ्यापुरता तंतोतंत बरोबर होता.

रंगरावानं मात्र केवळ हिशेबावर विसंबणं सोडून दिलं होतं. गुरुवारी दुपारी तो मूर्तिजापूरला परतला तो विचारात पडूनच. इमान वेगानं जातं यात त्याला शंका नव्हती, मेथीबद्दल होती. म्हणून त्यानं पेनात शाई भरली, गुलाबरावाला एक खाजगी पत्र लिहिलं, आणि जपून, घाईनं, संध्याकाळी स्टेशनात आलेल्या कलकत्त्याच्या डाकगाडीच्या टपालडब्यातच नेऊन टाकलं.

पुढचे दहा दिवस पुंजाजीचे बरे गेले नाहीत. वरवर तो वाफे धरत होता, वांगी तोडत होता, बाजाराला जात होता. पण विमान आलं की न्याहारीला न बसता तो त्याच्याकडे टक लावून पाही, जणू ते परतीचं उत्तर खाली टाकणार आहे. त्याला काय पाहिजे होतं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मेथी हिरवी निघाली तर लेक कलकत्त्याला जाणार होती. सुकली तर ती इथंच राहणार होती, दोनदा बिजवर झालेल्याच्या किंवा भट्टीवाल्याच्या घरात. एकदा विहिरीच्या काठावर त्यानं प्रयागाला उगाच विचारलं की थंडी फार पडून राह्यली का. ती म्हणाली, हो. मग तो म्हणाला, कलकत्त्याला म्हणतात एवढी नसते. ती म्हणाली, माहीत आहे. तिला कसं माहीत, हे विचारायचं त्यानं टाळलं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. उदयसिंग मास्तर शाळा सुटल्यावर ते स्वतः घेऊन आले. रविवारपासून ठाण मांडून बसलेला रंगराव ओसरीच्या खांबाला टेकून होता आणि फार निर्धास्त दिसत होता. तुळसाबाई दाराच्या चौकटीत बसली. प्रयागा दाराच्या आत होती, इतकी आत की तिची सावली बाहेर पडत होती. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली.

गुलाबरावानं सगळ्यांना नमस्कार लिहिले होते, नावानिशी. मग लिहिलं होतं, "आपण पाठविलेली मेथी मंगळवारी पावली. केळीचे पान काळे पडले होते. मेथीही काळी पडली होती व हातात घेताच तिचा चुरा झाला."

पुंजाजीनं डोळे मिटून घेतले. त्याच्या मळ्यातला माल आयुष्यात पहिल्यांदाच काळा ठरला होता, आणि तोही पाच पानांचा.

मास्तर पुढची ओळ पाहून खोकले. पुन्हा खोकले. मग त्यांनी एक ओळ सोडून पुढं जायचा प्रयत्न केला.

"मास्तर," तुळसाबाई म्हणाली, "खोकला झाला असन तं हाये तेच वाचा."

मास्तरांनी वाचलं. "त्याआधी शनिवारीच रंगराव मामांचे पत्र साध्या टपालाने आले होते. पान हिरवेगार पोचले असे कळवावे, बाकीचे मी पाहून घेतो, असे त्यांनी लिहिले आहे. मामांचा मान मोठा आहे. परंतु तो चुरा समोर असताना माझ्याने तसे लिहवत नाही. मामांनी राग मानू नये."

रंगरावानं खांब सोडला आणि खांबाच्या मागं काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. पेन खिशातून काढून त्यानं टोपण घट्ट केलं आणि परत लावलं. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं, तरी त्याचे कान आधी तांबडे झाले आणि मग भेदराला, म्हणजे टोमॅटोला, शोभतील असे झाले.

मास्तर वाचतच होते, कारण आता थांबणं त्याहून अवघड होतं. गुलाबरावानं पुढं लिहिलं होतं, की इमान पाच तासांत येतं हे खरं, पण ते आपल्यासाठी नाही. त्यात तो कधी बसलेला नाही आणि बसेल असं वाटत नाही. माणसाची वाट म्हणजे कामरगावहून मूर्तिजापूरपर्यंत बैलगाडी, तिथून कलकत्त्याची आगगाडी, सगळे मिळून दोन दिवस. वर्षातून एकदा रेल्वेचा पास मिळतो, त्यावर तो मुलीला माहेरी आणील. वर्षातून एकदाच, दोनदा आणतो असं खोटं सांगणार नाही. घर दीड खोलीचं आहे. नळ आहे, पण सात घरांत मिळून एक. शेवटी लिहिलं होतं, "चुऱ्याला वास मात्र होता. मी तो वरणात टाकला. शेजारच्या खोलीतील मंडळी विचारण्यास आली की आज काय केले आहे."

मास्तरांनी पत्राची घडी केली. उन्हं उतरली होती. कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि निकाल ज्या तोंडानं आधी दिला होता ते तोंड अजून बंद होतं. पुंजाजीला वाटलं, संपलं. मेथी सुकली, शब्द झाला. त्यानं मनातल्या मनात कलकत्ता उचलून सगळ्यांच्या पलीकडे, कोहळ्याच्याही पुढं नेऊन ठेवलं.

"रंग्या," तुळसाबाई म्हणाली.

"काय, बाई."

"तू दहा दिस झाले इमान इमान करून राह्यला. इमान कोनाजवळ हाये, ते आज समजलं मले."

पुंजाजीनं सवयीनं वर आभाळाकडे पाहिलं. आभाळात एक घार होती. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला की बायको टपालाच्या इमानाबद्दल बोलत नाही, आणि तो पटका सारखा करत नीट बसला. गावच्या जिभेनं दोन्ही शब्दांचं एकच करून टाकलं होतं, आणि आज पहिल्यांदाच त्याला त्यातला दुसरा ऐकू आला.

"पर मेथी तं सुकली," तो चाचरत म्हणाला. खरं तर त्याला हे म्हणायचं नव्हतं, पण मापाचा माणूस, मापाशी खोटं बोलणं त्याच्याकडून झालं नाही.

"सुकली तं सुकली. सुकली म्हनून सांगतलं ना त्यानं? भट्टीवाल्यानं सांगतलं असतं का?" मग तिचा आवाज खाली आला. "माया हातची टोपली सुकून गेली व्हती तवा त्या घरात एकानं तरी म्हनायचं ना, की वाटंनं सुकली, पोरीचा दोष नाही. कोनी म्हनलं नाही. हे पोरगं चुरासुदा वरनात टाकते."

तीस वर्षांत ती त्या टोपलीबद्दल एवढं सलग कधी बोलली नव्हती. पुंजाजीला काय करावं कळेना. तो उठला आणि पाण्याचा तांब्या भरून तिच्याजवळ ठेवून आला.

त्यानं मग दोन दिवसांचा हिशेब धरला. दोन दिवस म्हणजे वांग्याचा पल्ला. वांगी, कोबी, भेदरं कच्ची तोडली तर भेदरंही. टोपली जाऊ शकत होती. फक्त वरच्या थराला मेथी राहणार नव्हती. हे त्यानं तुळसाबाईला समजावून सांगितलं, पण ती ऐकत नव्हती. ती दाराच्या आतल्या सावलीकडे वळली होती.

"प्रयागे, तुले मेथी नाही भेटनार तिथं आपल्या मळ्याची. मंग म्हनशीन मायनं लांब फेकलं. आत्ताच सांग."

मग आतून आवाज आला, अगदी बारीक पण स्पष्ट.

"मले मेथी आवडतच नाही, माय. कडू लागते."

गुलाबरावाच्या चुऱ्यानंही ओसरीला एवढा धक्का दिला नव्हता. पुंजाजी माळ्याच्या मळ्यातली मेथी, जिच्यासाठी कारंजाची गिऱ्हाइकं पहाटे येऊन थांबत, जिच्या पल्ल्यावर दोन लेकी दिल्या आणि दोन स्थळं घालवली, ती त्याच्याच पोटच्या पोरीला कडू लागत होती.

"अठरा वर्सं खाल्ली ना तू?" तुळसाबाई म्हणाली.

"तुमी वाढली म्हनून खाल्ली."

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, कारण हसू आवरायला त्यांना दुसरं काही सापडेना. रंगराव कुठंतरी जमिनीत जाता येतं का ते पाहत होता. तुळसाबाईनं तोंडाला पदर लावला, आणि तिचे खांदे हलू लागले तेव्हा पुंजाजीला आधी वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. थोड्या वेळानं तोही हसला, पण त्याला जरा लागलंच होतं. पुढं दोन-चार दिवसांनी मेथीचा वाफा खुरपताना त्यानं एक पान तोडून, कोणी बघत नाही असं पाहून, चावून बघितलं. लेकीचं खरं होतं.

पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मास्तरांनी तिथंच बसून होकार लिहिला. माघात मुहूर्त, मुलानं आठ दिवसांची रजा घेऊन यावं, सोबत फार माणसं आणू नयेत कारण आणायला त्याला कोणी नाहीत हे आम्हांला माहीत आहे. पत्ता लिहिताना त्यांनी निळं पाकीट काढलं आणि विचारलं, की हवाईनं पाठवू का, शुभकार्याचं पत्र आहे.

"नोको मास्तर," तुळसाबाई म्हणाली. "साध्या टपालानं टाका. लवकर पोचलं पायजे."

त्या दिवशीचीही थैली निघून गेली होती. म्हणून ते पत्र रंगरावाच्या खिशात, पेनाच्या जागी ठेवलं गेलं. ते डाकगाडीच्या डब्यात कसं टाकतात हे घरात त्यालाच ठाऊक होतं. पहाटे पुंजाजीची वांग्याची गाडी मूर्तिजापूरला निघाली तेव्हा रंगराव मागं पोत्यांवर बसला होता. वाटेत तो एकदाच बोलला, भाऊजी, स्टेशन आता किती राह्यलं म्हणून. पुंजाजीनं वळून एक वांगं हातात घेतलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि सांगितलं की अजून बराच वेळ आहे, पडून घे.